गाडी मागंल तेवढंच

सकाळी साडेसहाला चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई ट्रॅकच्या पॅडॉकमध्ये, गाड्या तयार करायच्या आवारात, एक लाल पोलो रिकामी होत होती. मागची स्टेपनी निघाली, जॅक निघाला, पायाखालच्या रबरी मॅट निघाल्या. दाराच्या कप्प्यातून पाण्याच्या बाटल्या, छत्री आणि शेंगदाण्यांचा अर्धा पुडा बाहेर आला. शेवटी राहिला डॅशबोर्डवरचा बोटाएवढा गणपती. मालकाने तो नखाने अलगद सोडवला, रुमालात गुंडाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिक वस्तादांच्या हातात दिला. "सांभाळा, वस्ताद. आत सुटं काही चालत नाही."

जोरात ब्रेक दाबला की गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू पुढे झेपावते, आणि पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर पुढचं सांगायला नको. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी तपासनीस प्रत्येक गाडीत डोकावतो. पुढचा टो-हूक लावलाय का, बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे बोल्ट कसलेत का, सगळं हात लावून बघतो.

या अंकासाठी संपादकांनी 'वेग' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोक्यात होती ती भोसरीतली एक छोटी टूलरूम. तिचा मालक अडतीस वर्षांचा. दिवसभर हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात राहणारा. वर्षातून दोन-तीनदा तो आपली रोजची गाडी घेऊन इरुंगाट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जातो. ती लाल पोलो त्याचीच, चाकणची. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यात ही गाडी 2009 पासून 2022 पर्यंत बनत होती. त्याच्याकडची शेवटच्या वर्षांतली: एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, 110 अश्वशक्ती, हाताने बदलायचे सहा गिअर. काटेकोर बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नव्हे, चपळ हॅचबॅक. त्या दिवशी पॅडॉकमध्ये दोन पोर्शे होत्या, एक बीएमडब्ल्यू एम 2 होती, जुनी होंडा सिटी होती, स्विफ्ट होत्या. पण मला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तो या सगळ्यांचा एकच होता. गाडीवर खर्च करायला हातात थोडे पैसे आहेत. पहिला रुपया कुठे घालायचा?

महामार्ग 48

पुण्याच्या वाकड-वारज्यावरून जो रस्ता जातो तोच, राष्ट्रीय महामार्ग 48, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत इरुंगाट्टुकोट्टईच्या दारावरून चेन्नईत शिरतो. साधारण साडेअकराशे किलोमीटर. ट्रेलरवर गाडी चढवून नेणारे असतात, पण टूलरूमवाला चालवत नेतो आणि चालवतच परत आणतो. त्याच्या सगळ्या निवडी या एका गोष्टीने ठरतात. ज्या गाडीने रविवारी ट्रॅक मारायचा, त्याच गाडीने मंगळवारी मुलीला शाळेत सोडायचं आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे तिथे पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा सांगितलं जातं. चालकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात. एका गटाला पंधरा-वीस मिनिटं ट्रॅक मिळतो, मग तो बाहेर आणि दुसरा आत. मागची गाडी जवळ आली तर सरळ पट्ट्यावर हाताने खूण करून तिला वाट द्यायची. वळणात ओलांडायचं नाही. पिवळा झेंडा दिसला की सबुरी, लाल दिसला की वेग आवरून सावकाश परत पिटमध्ये. कुणाला क्रमांक नाही, करंडक नाही.

सुमारे 3.7 किलोमीटरचा हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभा केला आणि 1990 मध्ये तो सुरू झाला. त्याआधी शर्यती चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर व्हायच्या. इथल्याच डांबरावर नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत धावला, फॉर्म्युला मारुती गटात, आणि पहिल्याच खेपेला पहिल्या तिघांत आला. पुढे 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. फॉर्म्युला मारुती म्हणजे साध्या एकसीटी सांगाड्यात मारुती 800 चं इंजिन. आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी ताकद. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ताकद तुटपुंजी असली की वळणात घालवलेला वेग सरळ पट्ट्यावर भरून निघत नाही, त्यामुळे चालकाला वळण शिकावंच लागतं.

पंचवीस कपांचं आधण

टूलरूमवाल्याचा पहिला धडा दोन वर्षांपूर्वीचा, याच ट्रॅकवरचा. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. "ताई, पाय जमिनीला टेकला आणि गाडी आपली चाललीच आहे. दोनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडा दाब आला. गिअर खाली टाकले, रुंद मातीत उतरलो आणि थांबलो." गाडीला ओरखडाही आला नाही. चूक त्याची होती, हे तो स्वतःच सांगतो. त्या गाडीत तीन वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल होतं.

हे का होतं ते समजून घ्यायला एक छोटं गणित मांडू. माणसासकट साडेअकराशे किलोची गाडी ताशी 150 वरून 60 वर आणायची. तेवढ्यात गाडीने गमावलेली गतिज ऊर्जा सुमारे 840 किलोज्यूल भरते. अडीच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. म्हणजे पंचवीस कप चहाचं आधण, तीन-चार सेकंदांत. त्यातला बहुतेक भाग पुढच्या दोन चाकांच्या डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये शिरतो. थोडं सावरायच्या आत पुढचं वळण येतं. पंधरा मिनिटांत सहा-सात फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत अशी कितीतरी आधणं. घाटातून उतरतानाही ब्रेकवर एवढा भार सलग पडत नाही.

ही उष्णता दोन ठिकाणी दगा देते, आणि दोन्हींची ओळख पायाला वेगवेगळी पटते. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला तर पेडल टणक राहतं, पण कितीही दाबलं तरी गाडी धरत नाही. पॅडमधला बांधणारा मसाला जळून त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मधे येतो. ब्रेक ऑइल उकळलं तर मात्र पेडलच खाली जातं, कारण द्रव दबत नाही पण वाफ दबते. पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे चेपण्यात संपतो.

ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल. ते तेल नव्हेच. ते हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओढतं तसं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं. तेच ओलावा प्यायलेलं असेल तर मर्यादा 155 वर येते. म्हणजे बाटलीवर छापलेला आकडा बाटली फोडली त्या दिवसाचा असतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या ऑइलचा ताजेपणीचा उत्कलनबिंदू 300 अंशांच्या पुढे असतो, आणि एक बाटली पेट्रोलच्या अर्ध्या टाकीच्या पैशात येते. भोसरीपासून चेन्नईपर्यंत मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या प्रत्येक जाणत्याने पहिला रुपया इथेच घालायला सांगितला. माझंही मत तेच झालं. एवढ्या थोड्या पैशात एवढं मोठं संकट टाळणारी दुसरी वस्तू गाडीत नाही.

दाब. धर. सोड.

वस्ताद मूळचे कोल्हापूरचे. गॅरेजमधली पोरंच त्यांना वस्ताद म्हणतात, आणि तालमीतल्या वस्तादांसारखेच ते कमी बोलतात. निघायच्या आदल्या शुक्रवारी भोसरीत त्यांनी ब्रेकची एअर काढली ती मी शेजारी बसून पाहिली. एक पोरगा गाडीत पेडलवर. वस्ताद चाकापाशी उकिडवे, हातात पाना, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं."

"धर." पाना पाव फेरा फिरला. नळीतून चहासारखं तपकिरी ऑइल आलं, मागोमाग दोन बुडबुडे. पाना आवळला. "सोड."

दाब, धर, सोड. चारही चाकांवर हे चाललं, नळीतून मधासारखा स्वच्छ रंग येईपर्यंत. मधूनमधून दुसरा पोरगा बॉनेटखालच्या डब्यात ऑइल भरत होता. तो डबा एकदा रिकामा झाला की वरून हवा आत शिरते आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. पाना आवळायच्या आधी पोराने पेडल सोडलं तरी तेच. या कामाला कसब आहे, पण त्याहून जास्त दोघांचा एकमेकांवरचा भरवसा आहे.

"पेडल बघा, ताई," वस्ताद म्हणाले. मी बसून दाबलं. दगडासारखं.

पॅडचं काम मात्र पॅडॉकमध्ये झालं. रस्त्यावरचे पॅड थंड असतानाही धरतात, आवाज करत नाहीत, डिस्क खात नाहीत. ट्रॅकचे पॅड कितीतरी जास्त तापमान सोसतात, पण थंड असताना पकड कमी, किंचाळतात, आणि काळी भुकटी चाकांवर चढते. मंगळवारी सकाळी नाशिक फाट्याच्या सिग्नलला पहिला ब्रेक मारताना थंड ट्रॅक पॅड नको असतो. म्हणून टूलरूमवाला ट्रॅकचे पॅड डिकीतून नेतो, तिथे पोचल्यावर बसवतो आणि निघताना पुन्हा बदलतो. एका चाकाला वीस मिनिटं. नवे पॅड आधी बसवून घ्यावे लागतात. हळूहळू वाढत्या जोराचे आठ-दहा ब्रेक, मधे पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडचा मसाला डिस्कवर सारखा चढतो. आणि गट संपताना शेवटची फेरी ब्रेक न वापरता, वारा खात. परत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला अडसर लावायचा. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की तिथे त्याचा ठसा उमटतो आणि मग पेडल थरथरत राहतं.

मोठ्या डिस्कचं आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचं महागडं किट लावावं का? मी विचारलं तेव्हा टूलरूमवाल्याने जे उत्तर दिलं त्याने माझ्या डोक्यातलं एक मोठं गैरसमजाचं जाळं तुटलं. "ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस चालू होतं ना? म्हणजे चाक अडवायची ताकद आत्ताच्याच ब्रेकमध्ये पुरेशी आहे. कमी पडतेय ती टायरची पकड. मोठ्या किटने गाडी एका ब्रेकला लवकर थांबत नाही. दहाव्या ब्रेकलाही पहिल्यासारखी थांबते, एवढाच त्याचा उपयोग. माझे पॅड आणि ऑइल ते काम करतायत, तोवर मला ते नको."

खडूची रेघ

पहिला गट सुटण्याआधी वस्तादांनी खिशातून पांढरा खडू काढला आणि पुढच्या टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा मारल्या. पंधरा मिनिटांनी गाडी परत आली तेव्हा डाव्या टायरवरची रेघ बाजूपर्यंत पुसली गेली होती. टायर वळणात आपल्या कडेवर लोळत होता.

हवेचं गणित रस्त्यावरच्या सवयीच्या उलटं चालतं. सकाळी थंड टायरमध्ये 32 पीएसआय भरले होते. परत आल्यावर गेजवर 39. टायर तापला की आतली हवा फुगते. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय. जास्त फुगलेला टायर मधोमध टेकतो आणि पकड हरवतो. म्हणून प्रत्येक गटानंतर गरम टायरमधली हवा थोडी सोडायची, आकडा वहीत लिहायचा, खडू पुन्हा मारायचा. कमी केली तर टायर आणखी लोळतो, जास्त ठेवली तर घसरतो. मधला आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि तो स्वतःच शोधावा लागतो. या सगळ्याचा खर्च एक चांगला गेज आणि एक खडू.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढच्या टायरला वळायचंही असतं, खेचायचंही असतं आणि थांबवायचंही असतं. त्याची बाहेरची कड आधी झिजते. इथे उपयोगी पडतो कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत झुकवणं. वळणात गाडी बाहेर कलली की असं चाक जमिनीवर सपाट बसतं. कारखान्यातून येताना हा झुकाव थोडाच असतो. टूलरूमवाल्याने खास बोल्ट लावून तो दीड अंशापर्यंत नेला आहे. रोजच्या रस्त्यावर टायर आतून झिजू नये म्हणून त्यापुढे गेला नाही.

एकाचा भार दुसऱ्यावर

दुपारी बाराच्या सुमाराला डांबरावरून हवा थरथरताना दिसत होती. भिंतीच्या सावलीत फिल्टर कॉफी घेत बसलो होतो. मी वस्तादांना सरळच विचारलं, चिकट टायर आधी का नाही घ्यायचे? सगळे म्हणतात, वेळ सगळ्यात जास्त त्यानेच कमी होतो.

"हुतो की," वस्ताद म्हणाले. "पर पैलवानाला पहिल्या दिवशी डाव शिकवत न्हाईत, ताई. मातीत पाय रोवायला शिकवत्यात."

मग त्यांनी सावकाश साखळी उलगडली. चिकट टायर लावला की गाडी वळणात जास्त वेगाने जाते, उशिरा ब्रेक मारता येतो. म्हणजे ब्रेकवर उष्णता वाढली. गाडी जास्त कलते, म्हणजे शॉकअपवर आणि बुशवर भार वाढला. लांब वळणात इंजिनचं ऑइल एका बाजूला सरकतं, म्हणजे पंपाला ऑइल कमी पडायची शक्यता वाढली. आणि साधा टायर सुटण्याआधी बराच वेळ किंचाळून सांगतो, शिकणाऱ्याला सावध करतो. चिकट टायर उशिरा सुटतो, पण सुटताना फारशी सूचना देत नाही आणि तेव्हा वेग जास्त असतो. "ज्येला साधा टायर काय बोलतोय ते ऐकू येत न्हाई, त्येनं चिकट घिऊ नये. गाडी मागंल तेवढंच द्यायचं."

गाडीतला एकही भाग एकटा नसतो. एकाला बळ दिलं की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो. म्हणून खर्चाची यादी दुकानात बसून करता येत नाही. ती ट्रॅकवरून परत येताना, त्या दिवशी काय थकलं ते पाहून करावी लागते.

शॉकअपच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. साठ हजार किलोमीटर पुण्याचे गतिरोधक खाल्लेल्या गाडीला लोक गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग लावतात. गाडी दिसते छान, पण चाकाला वर सरकायला जागा उरत नाही, ते रबरी थांब्यावर आदळतं आणि वळणात टायर उड्या मारतो. टूलरूमवाल्याने नवे शॉकअप, नवे बुश आणि नवे बॉल जॉइंट घातले, सगळे कारखान्याच्याच मापाचे. खरं तर ही दुरुस्ती. पण गाडी नवी असताना जशी होती तशी करणं हा फार मोठा फरक असतो.

सीटचंही तसंच. वळणात अंग सरकलं की माणूस स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो, आणि मग त्याच हाताने गाडी नीट वळवता येत नाही. काही जण साध्या सीटवर चार पट्ट्यांचा हार्नेस लावतात. मी तिथे ज्या प्रशिक्षकाशी बोलले त्याने यावर कळकळीने हात हलवला. छताला आधार देणारा मजबूत पिंजरा नसेल तर उलटलेल्या गाडीत हार्नेस माणसाला ताठ बांधून ठेवतो आणि डोकं खाली घ्यायला जागा राहत नाही. पिंजरा, योग्य सीट आणि हार्नेस एकत्रच घ्यावेत, नाहीतर कारखान्याचा तीन टोकांचा पट्टाच ठेवावा. टूलरूमवाल्याची युक्ती बिनखर्चाची आहे. सीट दोन खाच मागे घ्यायची, पट्टा लावून झटक्यात ओढून अडकवायचा आणि तसाच सीटसह पुढे सरकायचं. कंबर जागची हलत नाही.

आणि ताकद?

पॅडॉकमध्ये पंचविशीतला एक मुलगा होता. त्याच्या हॅचबॅकमध्ये इंजिनच्या संगणकाचा रीमॅप होता, मोठा इनटेक होता, रुंद सायलेन्सर होता. पहिल्या दोन फेऱ्या तो सरळ पट्ट्यावर सगळ्यांना मागे टाकत होता. तिसरीपासून टर्बोतून येणारी हवा इतकी तापली की इंजिनने स्वतःला वाचवायला ताकद कमी केली. चौथ्या फेरीअखेर ब्रेकमधून धूर काढत तो आत आला. पॅड रस्त्याचे, ऑइल कधी बदललं ते आठवत नव्हतं. त्याच्याविषयी मला खरंच वाईट वाटलं. ज्या पैशाने त्याने सायलेन्सर घेतला, त्यात पॅड, ऑइल आणि एक दिवस प्रशिक्षक, तिन्ही झालं असतं.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करायला मज्जाव करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते अधिक ठाम केलं. आवाज करणारे सायलेन्सर पुण्यात पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेले आपण पाहिले आहेत. चांगल्या प्रतीचं ऑइल, चांगले पॅड, त्याच मापाचे टायर यांना अशी अडचण नाही. विम्याचं मात्र प्रत्येकाने जाणून घ्यायला हवं. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर आपटलेली गाडी स्वतःच्या खिशातून उभी करायची, या तयारीनेच आत जावं.

दुपारच्या गटात टूलरूमवाल्याच्या शेजारी प्रशिक्षक बसला. परत आल्यावर मालक बराच वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प होता. मग म्हणाला, "मी ब्रेक योग्य जागी मारतोय, पण सोडतोय एकदम. त्याने पुढच्या चाकांवरचा भार उडतो आणि गाडी वळत नाही. मी गेले सहा महिने त्यासाठी स्प्रिंग बदलायचा विचार करत होतो." शेवटच्या गटात त्याने ब्रेक हळू सोडत वळणात शिरायचा प्रयत्न केला. खडूची रेघ पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबली.

परतीची तयारी

पाचला झेंडा पडला. पोलोची पुढची चाकं पुन्हा निघाली, तापलेले पॅड जुन्या वर्तमानपत्रावर ठेवले गेले आणि रस्त्याचे पॅड बसले. वस्तादांनी टॉर्क पाना 120 न्यूटन-मीटरवर लावला आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळले. पाना टकटकला की पुढचा. टायरमध्ये पुन्हा 32 भरले. इंजिन ऑइलची पट्टी पुसून बघितली, किंचित उतरलं होतं, पाव लिटर घातलं. मालकाने वहीत त्या दिवसाचं शेवटचं पान लिहिलं: डावा पुढचा पॅड किती उरला, गरम हवा किती, कुठल्या वळणात काय वाटलं. 'घ्यायचं' या शब्दापुढे त्याने दोनच गोष्टी लिहिल्या. ब्रेक ऑइल, दोन बाटल्या. प्रशिक्षक, एक दिवस.

स्टेपनी, जॅक, मॅट, छत्री आत गेली. वस्तादांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, टेपचा नवा तुकडा कापला आणि गणपती त्याच्या जागी दाबून बसवला. मालकाने पेडल दोनदा दाबून बघितलं आणि गाडी गेटमधून महामार्गावर घेतली.